जुनं, अंधारं बाथरूम मोकळं आणि उजेडाचं करताना : कोल्हापुरातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाथरूम ४ बाय साडेसहा फुटांचं आहे. भिंत न पाडता ते मोठं वाटेल का?

वाटेल. राष्ट्रीय बांधकाम संहितेत संडास आणि बाथरूम एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे ३० चौरस फूट जागा आणि किमान १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. तुमचं २६ चौरस फुटांचं आहे, म्हणजे थोडं कमीच. तेव्हा इंच-इंच जपायला हवा.

जागा खाणारी मंडळी ठरलेली असतात. आत उघडणारं दार, डोक्यावरचा माळा, जमिनीवर ठेवलेल्या बादल्या-टब, लांबलचक कमोड, आणि कधीच न वाळणारी फरशी. यातली शेवटची गोष्ट लोक मोजत नाहीत. ओल्या फरशीवर पाय जपून ठेवावा लागतो, माणूस कडेकडेने चालतो, आणि २६ फुटांतले १० फूटच वापरात राहतात. म्हणून आखणी टाइल्सपासून सुरू करू नका. पाणी कुठे पडणार, कुठून वाहणार, कुठे जाणार हे आधी कागदावर काढा. कमोड, बेसिन, आरसा आणि दार त्यानंतर आपोआप जागेवर बसतात.

संडास आणि न्हाणी वेगळी आहे. मधली भिंत काढून एकच करावं का?

राजारामपुरी, शाहूपुरीतल्या जुन्या अपार्टमेंटमध्ये ही रचना सर्रास दिसते. भिंत काढली की तिची साडेचार-पाच इंच जाडी आणि एक दार वाचतं, उजेड दोन्ही बाजूंनी फिरतो. दिसायला फरक मोठा पडतो.

पण घरात पाच-सहा माणसं आणि एवढीच एक सोय असेल तर भिंत काढू नका. सकाळी सात वाजता एक जण आंघोळीला गेला की बाकीचे अडकतात, आणि ही अडचण रोजची असते. दुसरा संडास असेल तरच एकत्र करा. भिंत ठेवायचीच असेल तर सात फुटांच्या वर ती काढून तिथे दुधी काच बसवता येते. वास अडतो, उजेड पलीकडे जातो.

काढण्याआधी ती भिंत वजन घेते का ते पाहा. आरसीसी सांगाड्यातली साडेचार इंची भिंत बहुधा फक्त आडोशाची असते. लोडबेअरिंग घरात, म्हणजे जिथे भिंतीच छताचं वजन पेलतात तिथे, मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय घण लावू नका.

आमचं घर पेठेतलं, जुनं आहे. भिंती मातीतल्या, वर लाकडी माडी. माडीवर नवीन बाथरूम करता येईल का?

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेतल्या अशा घरांत बाथरूम तळमजल्यावरच ठेवावं, हे आमचं स्पष्ट मत आहे. जुनी न्हाणी परसात किंवा चौकाच्या कडेला असायची त्याला कारण होतं. लाकडी तुळया थोडी ओल सहन करतात, रोजची नाही. टोकं भिंतीत पुरलेली असतात, ती आतून कुजतात आणि बाहेरून काही दिसत नाही. शिवाय २६ चौरस फुटांत एक फूट विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला तर त्याचंच वजन सव्वा टनाच्या आसपास होतं.

तळमजल्यावरही मातीच्या भिंतीत पाइपासाठी झिरी मारताना सांभाळा. साधारण नियम असा : उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी म्हणजे फक्त पाऊण इंच. मातीच्या जोडकामात तेवढीही नको. पाइप भिंतीच्या पुढून नेऊन त्यावर पातळ खोटी भिंत घेणं बरं. चार इंच जातात, पण वर तेवढ्याच रुंदीची फळी मिळते आणि साबण-शांपूची सोय होते.

फोडायला सुरुवात करण्याआधी काय तपासायचं?

खालच्या छताला ओल असेल तर गळती पुरवठ्याच्या पाइपातून आहे की फरशीतून, हे आधी ठरवा. बाथरूमचा मेन कॉक दोन दिवस बंद ठेवा, पण बाहेरून बादलीने पाणी आणून आंघोळ सुरू ठेवा. ओल कमी झाली तर दोष पाइपात आहे. तशीच राहिली तर फरशी, नहाणी ट्रॅप (जाळीखालचा पाणी धरून वास अडवणारा भाग) किंवा कमोडच्या जोडाकडे बघा. मग दोन दिवस कॉक सुरू ठेवून फरशी पूर्ण कोरडी ठेवा आणि ताळा जमतो का पाहा.

टाइल्स काठीने ठोकून बघा. पोकळ वाजणाऱ्यांवर खडूने खूण करा. कमोडचा सेंटर, म्हणजे भिंतीपासून त्याच्या सांडपाण्याच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, मोजा, खिडकी कुठल्या दिशेला आहे ते लिहून ठेवा. वायरिंगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या घरांत दोनच तारा असतात. तशा लाइनवर गिझर लावणं जिवाशी खेळ आहे.

जुन्या टाइल्सवरच नवीन टाइल्स चिकटवल्या तर?

चिकटतात, पण लहान बाथरूममध्ये टाळा. प्रत्येक बाजूला अर्धा इंच जातो, चार फुटांत एक इंच. फरशी वर येते आणि पाणी दाराबाहेर यायला लागतं. मुख्य म्हणजे खालचे गंजलेले पाइप आणि फुटलेलं वॉटरप्रूफिंग तसंच झाकलं जातं.

उलट जुनी फरशी काढली की कधीकधी जागा हाती लागते. शहाबादी, त्यावर पांढऱ्या चौकोनी टाइल्स, त्यावर पुन्हा आठ बाय बारा, असे थर एकावर एक चढलेले असतात. भिंतीवरचा जुना सिमेंटचा गादीचा थर एक इंचाचा असतो. सगळं विटेपर्यंत काढून पातळ गिलावा आणि ३ ते ५ मिलिमीटर अ‍ॅडेसिव्हवर नवीन टाइल्स बसवल्या, तर थरांच्या भिंतीत प्रत्येक बाजूला इंचभर परत मिळतो.

खरमातीचा हिशोब आधी धरा. या मापाच्या बाथरूममधून भिंतीची आणि फरशीची मिळून ३५ ते ४५ सिमेंटची पोती भरतात. सनकन स्लॅबमधला (पाइपांसाठी खोलगट ठेवलेल्या स्लॅबमधला) भरावही काढला तर तेवढीच आणखी. ती कोण उचलणार आणि कुठे टाकणार हे आधी बोलून घ्या. गल्लीत पडून राहिली की शेजाऱ्यांशी वाद ठरलेला.

वॉटरप्रूफिंग नेमकं कसं करून घ्यायचं?

कामाचा खरा जीव इथे आहे, आणि घाईही इथेच होते. टाइल्समधून पाणी जात नाही हा समज चुकीचा आहे. सांध्यांतून ते जातंच. पाणी अडवण्याचं काम टाइलखालच्या थराचं आहे.

क्रम असा ठेवा. आधी सगळं प्लंबिंग पूर्ण, त्याची दाब देऊन तपासणी, मग वॉटरप्रूफिंग. उलट केलं तर प्लंबर नंतर स्लॅबला भोक पाडतो आणि केलेलं पाण्यात जातं.

स्लॅब उघडा पाडून ब्रशने धूळ काढा. पाइप स्लॅबमधून जिथे खाली जातो तिथे भोवती खाच करून न आकसणारा ग्राउट भरा. साधं सिमेंट वाळताना आकसतं आणि पाइपाभोवती केसाएवढी फट राहते. दहातली बरीच गळती तिथूनच होते. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याची इंच-दीड इंचाची गोलाई घ्या. काटकोनात लेप ताणला जाऊन फाटतो. त्या कोपऱ्यांत फायबरची जाळी लेपात दाबा.

मग दोन घटकांच्या सिमेंट-पॉलिमर लेपाचे दोन हात. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर सगळीकडे एक फूट, आंघोळीच्या भिंतीवर सहा फूट. पावडर आणि द्रव डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळायचे. घट्ट वाटतंय म्हणून मिस्त्री वरून पाणी ओततो, तिथे लेपाची ताकद गेली म्हणून समजा.

वाळल्यावर ट्रॅपला बूच मारून दोन इंच पाणी भरा आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. ४८ तास थांबा. पातळी किंचित उतरते, ते बाष्पीभवन. खालच्या घरात जाऊन छत हाताने चाचपून बघा. पाणी काढल्यावर लगेच अर्धा इंच संरक्षक गिलावा घ्या, नाहीतर बिगाऱ्याच्या घमेल्याने लेप खरचटतो.

सनकन स्लॅब असेल तर हा सगळा प्रकार दोनदा करावा लागतो. एकदा खालच्या स्लॅबवर, एकदा भरावावरच्या कोब्यावर, टाइल बसवण्याआधी. एकच केलं तर भरावात पाणी साठून राहतं आणि वर्षानुवर्षं कुबट वास येतो. सनकनच्या तळाशी साठलेलं पाणी बाहेर काढणारी एक बारीक नळी डक्टमध्ये (इमारतीच्या पाइपांच्या मोकळ्या जागेत) सोडून ठेवा. तिच्यातून थेंब पडू लागला की गळतीची खबर खालच्या शेजाऱ्याच्या आधी तुम्हाला मिळते.

उतार किती द्यायचा?

८० ला १. साडेसहा फुटांत साधारण एक इंच. आंघोळीच्या भागात थोडा जास्त दिला तरी चालेल, कमोडच्या भागात एवढा पुरे. फरशीची पातळी बाहेरच्या पॅसेजपेक्षा एक इंच खाली हवी आणि दारात ग्रॅनाइटची पट्टी, म्हणजे उंबरा.

जाळी बाथरूमच्या मधोमध नको. आंघोळीच्या बाजूच्या भिंतीलगत, दारापासून सगळ्यात लांब हवी. उतार एकाच दिशेला जातो, कमोडकडची बाजू दहा मिनिटांत वाळते. टाइल्स बसल्यावर सिमेंट ओलं असतानाच एक तांब्या पाणी ओतून बघा. कुठे थबकलं तर तेव्हाच टाइल काढून बसवता येते. दुसऱ्या दिवशी छिन्नी लागते.

कुठले पाइप घालावेत?

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतील तर सगळे काढा. आतून गंजून अर्धा इंची पाइपात पेन्सिलएवढं भोक उरलेलं असतं. थंड-गरम दोन्हीला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) घाला. मुख्य लाइन पाऊण इंची, नळाकडे जाणारी अर्धा इंची. सोल्व्हंटचा जोड झाल्यावर २४ तासांनी हँडपंपाने दाब देऊन काटा दोन तास जागेवर राहतो का पाहा, मगच झिरी बुजवा. बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. पुढे आरसा किंवा टॉवेल रॉड लावताना ड्रिल पाइपात जात नाही.

सांडपाण्याला कमोडसाठी ११० मिलिमीटर, नहाणी ट्रॅपसाठी ७५, बेसिनसाठी ४०. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाण्याचं सील राहायला हवं. वास येतो तो बहुतेक वेळा हे सील उथळ असल्याने किंवा सुट्टीत बाथरूम बंद राहून सुकल्याने.

कमोड कुठला घ्यावा?

साधा जमिनीवरचा कमोड भिंतीपासून ६५० ते ७०० मिलिमीटर पुढे येतो. भिंतीला टांगलेले छोटे नमुने ४८० ते ५३० मध्ये मिळतात. चार फुटी खोलीत ही सहा इंच म्हणजे चालायची वाट. शिवाय खालची फरशी सलग दिसते, झाडू आत जातो.

पण टांगत्या कमोडची टाकी भिंतीत लपवायला तीन ते पाच इंच खोली लागते. साडेचार इंची भिंत त्यासाठी कोरू नका. भिंतीपुढे लोखंडी फ्रेम उभी करून तिला झाकणारी अर्ध्या उंचीची भिंत घ्या. वाचलेल्या सहा इंचांतले तीन ते पाच इथेच परत जातात, म्हणून दोन्ही आकडे मांडून बघा. टाकी उघडायची खिडकी बटणामागे ठेवा.

जमिनीवरचाच घेणार असाल तर एस-ट्रॅपचा (सांडपाणी खाली फरशीत सोडणाऱ्या कमोडचा) सेंटर मोजा. तो तयार टाइल्सपासून धरायचा असतो, विटांपासून नाही. जुनी टाइल काढून नवीन बसवताना भिंत इंचभर मागेपुढे झाली तर ९ इंच सेंटरचा कमोड बसत नाही. कमोडची जागा तीन फूट सरकवायचा मोह फ्लॅटमध्ये टाळा. उतार मिळवायला फरशी उचलावी लागते आणि पायरी तयार होते.

आम्ही बादली-तांब्याने आंघोळ करतो. काचेचं पार्टिशन बसवावं का?

पूर्ण केबिन नको. पाटावर बसून आंघोळ करायला तीन बाय तीन फूट मोकळी जागा लागते, बादली सरकवायला कोपर हलायला हवं. त्याऐवजी कमोड आणि आंघोळीच्या मध्ये ८ मिलिमीटर टफन्ड काचेची दोन फूट रुंद एकच उभी पट्टी बसवा, दाराशिवाय. शिंतोडे अडतात, नजर अडत नाही. आणि आंघोळीच्या भागाची फरशी अर्धा इंच खाली घ्या.

बादलीचा नळ फरशीपासून १८ ते २० इंचांवर हवा. मिक्सर सव्वातीन फुटांवर, शॉवर पावणेसात फुटांवर. कपडे धुवायचा दगड रोज वापरात असेल तर तो ठेवा. घरच्या सवयीशी भांडून केलेलं बाथरूम महिनाभरात पुन्हा टब-बादल्यांनी भरतं. फक्त दगड बांधीव करू नका. सुटा कडप्पा दोन ठोकळ्यांवर ठेवा, खाली पाणी वाहील.

दाराचं काय करता येईल?

बाहेर उघडा. अडीच फुटी दार आत उघडलं की जवळपास पाच चौरस फूट जागा कायमची अडकते. घरात वयस्कर माणूस असेल तर हा बदल सगळ्यात आधी करा. आत कुणी पडलं आणि दारामागे अडकलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. पॅसेज अरुंद असेल तर सरकतं दार. पाणी लागणाऱ्या जागी प्लायवूड नको, एफआरपी (फायबरचं) किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाचं) घ्या. खाली पाऊण ते एक इंच फट ठेवा. का ते हवा खेळण्याच्या प्रश्नात सांगितलं आहे.

माळा काढावा का?

काढता आला तर काढाच. साडेनऊ फुटी छत असूनही सात फुटांवर माळा असल्याने माणसाला विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. त्यावर काय आहे ते एकदा खाली उतरवून बघा. जुना तांब्याचा बंब, फुटक्या बादल्या, रंगाचे डबे. बंबाची मोड नको असेल तर तो घासून दिवाणखान्यात ठेवा, तिथे तो शोभतो.

माळा लिंटेलबरोबर (दार-खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याबरोबर) ओतलेला असेल तर तोडताना हॅमर न वापरता कटरने कापा, नाहीतर लिंटेलला तडा जातो. वर पाण्याची टाकी असेल तर ५०० लिटरला ५०० किलो वजन आहे, हे विसरू नका. आधी टाकीची दुसरी सोय करा.

टाइल्स कुठल्या मापाच्या आणि रंगाच्या?

भिंतीला १२ बाय २४ इंच, आडव्या बसवलेल्या, फिक्या रंगाच्या, चकचकीत. आडव्या रेषा भिंत लांब दाखवतात आणि चकाकी खिडकीचा उजेड आतपर्यंत पोचवते. सांधा २ मिलिमीटर, ग्राउट (सांध्यांत भरायचं मिश्रण) टाइलच्याच रंगाचं. सांधे दिसेनासे झाले की भिंत एकसंध दिसते.

फरशीला मात्र १२ बाय १२ इंच, खरबरीत. मोरबीच्या दोन बाय चारच्या मोठ्या टाइल्स दुकानात फार देखण्या दिसतात. पण चार फुटी फरशीवर जाळीकडे उतार देताना त्या कापाव्याच लागतात, आणि कापलेल्या तिरक्या सांध्यांनी जागा आणखी तुटते. फरशीच्या सांध्यांना पांढरं ग्राउट नको, फिकं राखाडी घ्या. बोअरच्या पाण्यातल्या लोहाने पांढरं पिवळं पडतं. आंघोळीच्या भागात इपॉक्सी ग्राउट वापरा.

फुलांच्या हायलाइटर टाइल्सचा आडवा पट्टा कृपया नको. तो भिंतीचे दोन तुकडे करतो आणि छत खाली आल्यासारखं वाटतं. टाइल्स छतापर्यंत न्यायच्या नसतील तर वरच्या भिंतीचा आणि छताचा रंग टाइलशी जुळता ठेवा.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून ती सिमेंटच्या लगद्याने धरत नाही, अ‍ॅडेसिव्हच हवं. मिस्त्री चार कोपऱ्यांत गोळे लावून टाइल दाबतो, ते चालू देऊ नका. मागे पोकळी राहते, तिथे पाणी साठतं, टाइल सुटते. दातेरी थापीने पूर्ण पाठ भरायला लावा.

माल किती लागेल?

४ बाय साडेसहाचं उदाहरण घेऊ. भोवतालची लांबी २१ फूट, उंची ७ फूट, म्हणजे १४७ चौरस फूट. दार आणि खिडकी वजा करून साधारण १२६. तूटफूट १० टक्के धरून १३९. १२ बाय २४ च्या पाच टाइल्सचा बॉक्स सुमारे ९.७ चौरस फूट भरतो, म्हणजे १५ बॉक्स. फरशीला २६ अधिक १० टक्के, म्हणजे दहा टाइल्सचे ३ बॉक्स. २० किलो अ‍ॅडेसिव्हची पिशवी सपाट भिंतीवर ४५ ते ५० चौरस फूट जाते, म्हणजे ४ पिशव्या. गिलावा वाकडा असेल तर ५ सुद्धा लागतील.

सगळे बॉक्स एकाच लॉटचे आणि शेड नंबरचे घ्या. एक बॉक्स राखून ठेवा. पाच वर्षांनी पाइप फुटला तर तीच टाइल दुकानात मिळत नाही.

उजेड कसा वाढवायचा?

एकाच ट्यूबलाइटने नाही. छताला १० ते १२ वॉटचा एक एलईडी आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना मिळून ६ ते ८ वॉट. आरशाच्या वर एकच दिवा असेल तर डोळ्यांखाली सावली पडते. ४००० केल्व्हिनचा उजेड घ्या. निळसर पांढरा घेतला तर फिक्या टाइल्स दवाखान्यासारख्या दिसतात. शॉवरजवळचा दिवा आयपी ४४ चा, म्हणजे शिंतोडे सोसणारा हवा.

आरसा बेसिनएवढा नको. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शक्यतो खिडकीसमोर. याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच वस्तूने पडत नाही. चिकटवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल आरशाची पाठ खातं आणि कडेने काळे डाग येतात. न्यूट्रल सिलिकॉन मागा.

पावसाळ्यात बाथरूम वाळतच नाही, बुरशी येते. उपाय?

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा नुसती खिडकी उघडून भागत नाही. ६ इंची एक्झॉस्ट दारासमोरच्या भिंतीत, छतालगत बसवा आणि आंघोळीनंतर १५-२० मिनिटं चालू ठेवा. दाराखालची फट यासाठीच. आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा नुसता घुमतो. खिडकी बंद ठेवून पंखा चालवा, नाहीतर तो खिडकीतलीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि फरशी ओलीच राहते.

खिडकी काचेच्या पट्ट्यांची ठेवायला हरकत नाही, फक्त काच दुधी आणि चौकट अ‍ॅल्युमिनियमची. पश्चिमेकडच्या भिंतीवर झोडपणारा पाऊस पडतो. तिथे साबणाचा कोनाडा कोरू नका. नऊ इंची भिंत कोनाड्यात निम्मी उरते आणि ओल आत येते. कोनाडा आतल्या नऊ इंची भिंतीत घ्या, तळाला बाथरूमच्या बाजूला उतार द्या.

सोलर आहे. त्यावर मोठा रेन शॉवर चालेल का?

दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब मिळतो. गच्चीवरची टाकी शॉवरपासून तीन मीटर वर असेल तर दाब ०.३ किलो. एवढ्यावर मोठ्या रेन शॉवरमधून नुसती धार गळते. वरच्या मजल्यावर चार-पाच इंची साधा शॉवर घ्या. फक्त थंड लाइनला प्रेशर पंप लावला तर ते पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये उलटं चढतं. गरम लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) बसवा. साध्या सोलर टाकीला दाब सहन होत नाही, तिच्यावर थेट पंप लावू नका.

पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटर पाणी मावतं. सोलरपासून नळ १५ मीटर लांब असेल तर आधी पावणेचार लिटर थंड पाणी येणारच. ते बादलीत धरा, आणि गरम पाइपावर इन्सुलेशन चढवा.

पावसाळ्यासाठी १५ लिटरचा २ किलोवॉटचा गिझर पुरतो. त्याला २.५ चौरस मिलिमीटरची तार, डीपी स्विच (दोन्ही तारा एकदम तोडणारा) बाहेर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा.

गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीही बसवू नका. लहान, बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत, आत फक्त पाइप.

आमच्या भागात पुराचं पाणी येतं. वेगळं काय करावं?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. अशा वेळी रस्त्यावरून पाणी येण्याआधी ते बाथरूमच्या जाळीतून आणि कमोडमधून उलटं येतं. तळमजल्याच्या बाहेरच्या चेंबरमध्ये उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह बसवा आणि दरवर्षी मेमध्ये तो उघडून साफ करा. झडपेत चिंधी अडकली तर तो असून नसल्यासारखा. बेसिनखाली एमडीएफचं कपाट नको, उद्यमनगरातून स्टेनलेस स्टीलची जाळीची मांडणी करून घ्या. स्विच मागच्या पुराच्या रेषेच्या वर घ्या.

काम कधी काढावं आणि किती दिवस लागतील?

दिवाळीनंतर ते एप्रिल. जून ते सप्टेंबर टाळा, स्लॅब कोरडा होत नाही आणि लेप धरत नाही. गावोगावच्या म्हाई (गावजत्रा) आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत कारागीर गावी जातात, ते धरूनच तारखा ठरवा.

तोडफोड २ दिवस, प्लंबिंग आणि वायरिंग ३, दाबाची तपासणी १, गिलावा आणि त्यावर पाणी मारणं ४, वॉटरप्रूफिंग २, पाणी भरून ठेवणं २, कोबा २, टाइल्स ४, ग्राउट आणि फिटिंग २. तीन आठवडे झाले. आठ दिवसांत करून देतो म्हणणारा यातलं काहीतरी गाळणार आहे. बहुधा पाणी भरून ठेवणंच.

ठेकेदाराकडून दर घेताना काय लिहून घ्यावं?

ठोक रक्कम नको. तोडफोड, खरमाती उचलणं, पाइप आणि त्याचा प्रकार, वॉटरप्रूफिंगचे किती हात आणि भिंतीवर किती उंच, पाणी भरून चाचणी, टाइल बसवणं चौरस फुटाच्या दराने, ग्राउटचा प्रकार, फिटिंगची मजुरी, असं वेगवेगळं लिहून घ्या. माल तुमचा असेल तर तूटफूट कुणाच्या खात्यात, तेही लिहा. पैसे टप्प्याने द्या, आणि एक टप्पा पाण्याच्या चाचणीनंतरचा ठेवा. खर्च कापायचाच असेल तर नळांच्या ब्रँडवर आणि कमोडच्या नमुन्यावर कापा. ते पुढे बदलता येतात.

झाल्यावर अ‍ॅसिडने धुतलं तर चालेल ना?

नको. नव्या टाइल्स खराब होण्याचं आणि दोन वर्षांत गळती परतण्याचं एक मोठं कारण हीच बाटली आहे. अ‍ॅसिड सिमेंटचं ग्राउट खातं, जाळीचा मुलामा उडवतं, आणि मोकळ्या झालेल्या सांध्यांतून पाणी खाली उतरतं. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू तयार होतो. लहान बाथरूममध्ये तो घातक आहे.

साबणाच्या पाण्याने घासा. काचेवर आणि नळांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले तर पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून फडक्याने पुसा, लगेच धुऊन टाका. आंघोळीनंतर रबरी वायपरने फरशी ओढून घ्यायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. वायपर दारामागे, खुंटीला टांगून ठेवा.